आजोबांचें घड्याळ आणि लिलांवाची बोली

गेल्या वर्षीं ह्या पानांत आम्हीं माळ्यावर पडलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर जीं पत्रें आलीं, त्यांत एक पत्र जुन्नराहून, आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें होतें. भांड्यांची गोष्ट एका ओळींत आटोपून त्यांनीं पुढें लिहिलें होतें: "वाड्यांतील जुन्या पेटींत पणजोबांचें सोन्याचें खिशांतलें घड्याळ सांपडलें आहे. तें मुंबईस लिलांवांत ठेवावें असें घरांत चाललें आहे. आपणांस ह्या वस्तूंचा नाद आहे हें आम्ही जाणतों. तरी एकदां येऊन पाहून जावें. आत्याच्या हातची पुरणपोळीही घडेल." ह्या शेवटच्या वाक्यानें आमचा निश्चय पक्का झाला, हें येथें कबूल केलेलें बरें. ती हकीकत पुरी झाल्याखेरीज लिहूं नये म्हणून इतके दिवस थांबलों. आतां ती पुरी झाली आहे.

नाद आहे हें खरें. परंतु तो आम्हांस फुकट लागलेला नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं मुंबईच्या एका जुन्या बाजारांत आम्हीं एक निळ्या तबकडीचें स्विस घड्याळ मोठ्या हौसेनें विकत घेतलें. पुण्यास येऊन घड्याळजींस दाखविलें. त्यांनीं डोळ्यास भिंग लावलें, मागचें झांकण उघडलें, आणि मंद हंसून म्हणाले, "अहो, हें एक घड्याळ नव्हे, हें एकत्र कुटुंब आहे! मशीन एकाचें, कांटे दुसऱ्याचे, केस तिसऱ्याची; आणि डायल तर गेल्या दिवाळींत रंगविलेली दिसते." त्या दिवशीं आमची शिकवणी सुरू झाली. फी पूर्वींच भरलेली होती!

जुन्नरास आम्ही पोचलों तेव्हां मार्गशीर्ष चालू होता. नारायणगांवाहून वळल्यावर कांहीं वेळानें शिवनेरीचा डोंगर समोर येतो, आणि पेठेंत शिरल्यावरही तो कौलांच्या मागून सारखा डोकावत राहातो. स्नेह्यांचा वाडा दोन चौकांचा. पुढचा चौक ठीक आहे. मागच्या चौकाचीं कौलें ठिकठिकाणीं उडालेलीं आणि दोन तुळया वाळवीनें पोखरलेल्या. मृगाच्या आंत तिकडची दुरुस्ती झाली नाहीं, तर आत्याबाईंच्या खोलीस पुढचा पावसाळा निभावणार नाहीं, हें कोणी न सांगतांही दिसत होतें. आत्याबाईंचें वय ऐंशीच्या पुढें. तीस वर्षें त्यांनीं शाळेंत शिकविलें. पुण्यास येऊन राहा असें पुतण्यांनीं म्हटलें कीं त्या भाजीला काय करूं म्हणून विचारतात. तेव्हां घड्याळ विकावें व त्या पैशांत छप्पर करावें, असा बेत ठरला होता. स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं फोटो काढून मुंबईच्या एका लिलांवगृहाकडे धाडलेही होते, आणि तिकडून आलेला किंमतीचा अंदाज ऐकून सगळ्यांचे चेहरे उजळले होते.

फोटोंबरोबर चिरंजीवांनीं घराण्यांत चालत आलेली हकीकतही लिहून पाठविली होती. ती अशी कीं, सन १८९७ च्या प्लेगांत आजोबांनीं (आत्याबाईंचे ते आजोबा, म्हणून आम्हीही त्यांस आजोबाच म्हणतों) रोग्यांची शुश्रूषा केली, आणि गोऱ्या साहेबानें खूष होऊन हें सोन्याचें घड्याळ त्यांस बक्षीस दिलें. लिलांवगृहाचा अंदाज मुख्यत्वें ह्या हकीकतीवर आणि 'सोनें' ह्या शब्दावर उभा होता.

जेवणापूर्वींच आम्हीं ओसरीवर उजेडांत पांढरें फडकें अंथरलें व भिंग काढलें. घड्याळाची परीक्षा कशी करावी हें वाचकांस उपयोगीं पडेल, म्हणून तें क्रमानें सांगतों. कोणत्याही जुन्या घड्याळांत चार गोष्टी वेगवेगळ्या पाहावयाच्या: केस, डायल, कांटे आणि आंतील मशीन. प्रत्येकीस एकच प्रश्न करावयाचा. तूं ह्या घरांत जन्मलीस, कीं मागाहून आलीस?

प्रथम केस. मागचें झांकण उघडतांच आंतल्या बाजूस बारीक इंग्रजी अक्षरांत 'वीस वर्षांची हमी' अशा अर्थाचा मजकूर दिसला. घरच्या मंडळींस तो कंपनीच्या प्रामाणिकपणाचा दाखला वाटत होता. वास्तविक तो सोनें नसल्याचा दाखला होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हलक्या धातूच्या पत्र्यावर सोन्याचा पातळ पत्रा बसवून केसेस करण्याची चाल फार होती. आणि वरचें सोनें झिजून खालची धातू उघडी पडण्यास निदान इतकीं वर्षें लागतील, अशी ती हमी असे. खऱ्या सोन्यास वर्षांची हमी कशाला लागते? त्यावर कसाचा शिक्का असतो: १८ कॅरटास ०.७५०, १४ कॅरटास ०.५८५, ९ कॅरटास ०.३७५. स्वित्झर्लंडांत १८८० सालच्या कायद्यापासून ह्या शिक्क्यांस चित्रेंही असत. १८ कॅरट सोन्यास स्त्रीमुख, १४ कॅरटास खार, ०.८७५ कसाच्या चांदीस अस्वल आणि ०.८०० कसाच्या चांदीस रानकोंबड्यासारखा पक्षी. ह्या केसवर त्यांपैकीं कांहींच नव्हतें. शिवाय चावीजवळच्या कडीपाशीं, जेथें बोट रोज लागतें, तेथें सोन्याखालून वेगळा रंग डोकावत होता.

चिरंजीव जवळच बसले होते. ते म्हणाले, "काका, पण घड्याळ खोटें तर नाहीं ना?" आम्हीं म्हटलें, "घड्याळ खोटें नाहीं. आपण त्यास जें नांव दिलें तें चुकलें." उत्तर शहाणपणाचें खरें, परंतु त्यांचा चेहरा पाहून आम्हांस ओशाळल्यासारखें झालें. स्वयंपाकघरांतून पुरणाचा वास येत होता, आणि आम्ही ज्यांचें अन्न खाणार होतों त्यांच्याच छपराचीं कौलें एकामागून एक काढीत होतों.

दुसरी गोष्ट डायल, म्हणजे तबकडी. जुन्या खिशांतल्या घड्याळांत पुष्कळदां तांब्याच्या पत्र्यावर कांचेची पूड भाजून केलेली मिन्याची तबकडी असते; तिच्यावरचे आंकडेही भाजलेले असल्यामुळें सहसा पुसट होत नाहींत. धातूच्या तबकडीवर रंग व छपाई असते, आणि ती कालांतरानें डागाळते. येथील तबकडी धातूची, आणि वयाच्या मानानें फारच गोरीगोमटी होती. भिंगांतून पाहातां मिनिटांच्या रेघा कोठें जाड, कोठें बारीक. बाराच्या आंकड्याची मधली रेघ किंचित डावीकडे सरकलेली. सेकंदाचें लहान वर्तुळ सहाच्या आंकड्यास घासून गेलेलें. आणि अगदीं तळाशीं जे 'स्विस' असे शब्द असावयाचे त्यांचीं अर्धीं अक्षरें कडेखालीं गडप. कारखान्यांतील ठसा अशी गफलत करीत नाहीं. हाताचा ब्रश व घरगुती ठसा करतो. तबकडी पुन्हां रंगविलेली होती यांत संशय राहिला नाहीं.

ह्या ठिकाणीं थोडें विषयांतर करणें अवश्य आहे. जगांतील जुन्या घड्याळांच्या शौकीन लोकांत रंगविलेल्या तबकडीच्या घड्याळांस 'मुंबई स्पेशल' असें उपहासाचें नांव पडलें आहे. मुंबईच्या बाजारांतून जुनीं स्विस घड्याळें, आपलीं एच.एम.टी. घड्याळें, तांबड्या-हिरव्या-निळ्या रंगांत नवीं होऊन हजारोंनीं देशोदेशीं जातात, आणि अननुभवी गिऱ्हाईक त्यांस मूळचींच समजतें. हें नांव ऐकून मराठी माणसास वाईट वाटावें. परंतु त्यामागचें कारणही पाहावें. स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षें परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. एच.एम.टी.चा बंगळूरचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें सुरू होऊन त्याचीं पहिलीं घड्याळें १९६१ सालीं निघालीं. पुढें २०१६ सालीं सरकारनें तो घड्याळांचा धंदा बंद करण्याचें ठरविलें. अशा काळांत माणसाजवळ जन्मास एक घड्याळ असे. सुटे भाग मिळत नसत, म्हणून एका मेलेल्या घड्याळाचे भाग दुसऱ्या जित्या घड्याळास बसवीत. आणि तबकडी काळी पडली कीं ती रंगवून घेत. भांड्यास कल्हई लावावी तसेंच तें होतें. कल्हई लावणें म्हणजे कांहीं फसवणूक नव्हे. कल्हई लावलेलें पितळ चांदी म्हणून विकणें ही फसवणूक होय. लबाडी ब्रशांत नसते, ती विक्रीच्या वेळच्या बोलण्यांत असते.

आतां मशीन. हें उघडल्यावर मात्र आमचें मन प्रसन्न झालें. त्यावर 'वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई-कलकत्ता' असें कोरलेलें होतें, व तबकडीवरचें नांवही तेंच. ही मूळ स्वित्झर्लंडमधील सें-इमिए गांवची, १८८६ सालीं स्थापन झालेली पेढी. हिंदुस्थानांतील गिऱ्हाइकासाठींच तिनें घड्याळें काढलीं, आणि पलटणींतले शिपाई व रेल्वेचे नोकर तीं विश्वासानें वापरीत. तिच्याही आधीं, १८६५ सालीं, फाव्र-ल्युबा ह्या स्विस पेढीनें मुंबईस बस्तान बसविलें होतें. मशीनचे पंधरा खडे जागच्या जागीं होते. तें केसमध्यें ज्या दोन स्क्रूंनीं आवळलेलें असतें, त्यांच्या दाबाच्या खुणा केसच्या कडेवर एकेकच होत्या. मशीन दुसऱ्या केसमधून आणून बसविलेलें असतें, तर जुन्या खुणांशेजारीं नव्या उमटल्या असत्या. म्हणजे केस व मशीन यांचा संसार पहिल्यापासून एकच. कांटेही त्याच काळाचे व योग्य लांबीचे. मिनिटाचा कांटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत होता. मागच्या झांकणाच्या आंत सुईनें कोरल्यासारख्या चार बारीक खुणा होत्या. दुरुस्ती केल्यावर घड्याळजी आपली निशाणी अशी आंत कोरून ठेवीत. त्यांतल्या तीन अगम्य. चौथींत शेवटीं '४१' एवढें वाचतां येत होतें.

वस्तूची परीक्षा झाली; आतां हकीकतीची. हकीकतीची पहिली परीक्षा वजाबाकीनें करावी. आम्हीं आजोबांची जन्मपत्रिका आहे काय म्हणून विचारलें. ती देवघराच्या फडताळांत निघाली. जन्म शके १८१६, म्हणजे सन १८९४. प्लेगाच्या सालीं आजोबा तीन वर्षांचे होते! क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं. मग धाकटे बंधू म्हणाले, "तीन वर्षांच्या मुलाला साहेबानें फार तर खाऊ दिला असता." सगळे हंसले, चिरंजीव मात्र हंसले नाहींत, आणि आम्हांसही मनापासून हंसूं येईना.

इतका वेळ आत्याबाई दाराशीं उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आंत गेल्या व लाल कापडी बांधणीची एक लांबट वही घेऊन आल्या. आजोबांची खर्चाची वही. आजोबा जुन्या आंबेगांवास शाळामास्तर होते. वहींतलें एक पान त्यांनीं काढून दिलें. सन १९२६: 'घड्याळ खरेदी रु. ३२, पैकीं रोख ८, बाकी तीन हप्ते.' पुढच्या तीन महिन्यांत आठ-आठ रुपयांच्या तीन नोंदी. आम्हीं पानें पुढें उलटीत नेलीं. सन १९४१: 'घड्याळ साफ करणें व तबकडी रंगवणावळ, रु. २ आणे ८.' झांकणाच्या आंतला '४१' आणि वहींतला १९४१ एकमेकांस भेटले. तबकडी कोणा लबाडानें रंगविली नव्हती. आजोबांनींच अडीच रुपये मोजून रंगवून घेतली होती.

भीमाशंकरास गेलेल्या वाचकांनीं शनीच्या देवळापुढें टांगलेली मोठी घंटा पाहिली असेल. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, तेव्हां पोर्तुगीज देवळांतून आलेल्या घंटांपैकीं ती एक असें सांगतात. ह्या सांगण्यावर विश्वास कां बसतो? सांगणारे पुष्कळ आहेत म्हणून नव्हे. घंटेवर ख्रिस्ती चिन्हें ओतलेलीं आहेत, आणि वसईच्या स्वारीचा इतिहास स्वतंत्रपणें लिहिलेला आहे, म्हणून. वस्तू एक बोलते, कागद दुसरीकडून तेंच बोलतो, आणि दोघांनीं आधीं संगनमत केलेलें नसतें, तेव्हां त्यास पुरावा म्हणतात. घराण्यांतल्या गोष्टी प्रेमानें सांगितल्या जातात, आणि प्रेमाचा स्वभाव वस्तू घासून लखलखीत करण्याचा असतो.

मास्तरानें महिन्याच्या खर्चांतून बत्तीस रुपयांचें घड्याळ कां घ्यावें, असें आम्हीं विचारलें. आत्याबाई म्हणाल्या, "आंबेगांवच्या शाळेंत घड्याळ नव्हतें. उंबऱ्यावर ऊन आलें कीं घंटा द्यायची. पण त्या मावळपट्टींत चार-चार महिने ऊन दिसत नाहीं. मुलें डोंगरावरून येत, त्यांना वेळेवर सोडलें नाहीं तर ओढे उतरायला अंधार होई. म्हणून घेतलें, असें आजोबा सांगत." मग थोडें थांबून त्या म्हणाल्या, "हें वहींत नाहीं हो. हें माझ्या ऐकण्यांतलें. तें वेगळें धरा." पुराव्याची इतकी कदर करणारा साक्षीदार आम्हांस आजवर भेटला नव्हता.

ज्या आंबेगांवानें तालुक्यास नांव दिलें तें जुनें गांव आज डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे. तालुक्याची कचेरी घोडेगांवास. ती शाळा गेली, तो उंबरा गेला, घंटा गेली. त्या शाळेचा ज्यास कान होता, अशी हीच एक वस्तू राहिली.

परंतु ह्या भावनेस लिलांवांत किती किंमत? येथें लिलांवाची रीत समजून घेतली पाहिजे. जुन्या घड्याळाची किंमत चार गोष्टींवर ठरते: तें किती दुर्मीळ आहे, किती मूळ स्थितींत आहे, चालतें कसें, आणि पूर्वीं कोणाच्या हातीं होतें. चौथी गोष्ट पहिल्या तिन्हींवर मात करते. मार्च २००९ मध्यें न्यूयॉर्कच्या अँटिकोरम लिलांवगृहांत महात्मा गांधींचा चष्मा, चपला, ताट, वाटी व झेनिथ कंपनीचें खिशांतलें घड्याळ एकत्र विकलें गेलें, आणि विजय मल्ल्या यांची १८ लाख डॉलरांची बोली शेवटची ठरली. तसेंच दुसरें झेनिथ घड्याळ बाजारांत त्याच्या अल्पांशानेंही मिळतें. हा फरक घड्याळाचा नव्हे, हाताचा. म्हणूनच हातांच्या खोट्या कथा रचल्या जातात. आणि नुसतें यंत्र पाहूनही मोठमोठे फसतात: नोव्हेंबर २०२१ मध्यें जिनिव्हाच्या एका लिलांवांत १९५७ सालचें म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किंमतीस गेलें. घेणारी खुद्द ओमेगा कंपनीच, स्वतःच्या संग्रहालयासाठीं. तें निरनिराळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलें होतें, हें त्याच कंपनीस २०२३ सालीं जाहीर करावें लागलें. जिच्या कारखान्याचें घड्याळ तीच कंपनी जेथें फसली, तेथें आपण एका फोटोवर व एका कथेवर विसंबून कसें चालेल?

पुरणपोळी झाली. विडा झाला. मग खरा प्रश्न निघाला. चिरंजीव म्हणाले, "लिलांवगृहानें प्रश्न विचारलेले नाहींत. आपण कांहीं नवीन खोटें सांगणार नाहीं. जें पाठविलें तें राहूं द्यावें. घेणारा आपला पाहून घेईल." त्यांचें बोलणें लोभाचें नव्हतें. त्यांस आत्याआजींच्या खोलीचें छप्पर दिसत होतें. आणि तें आम्हांसही दिसत होतें. आम्हीं इतकेंच म्हटलें कीं, ठाऊक नसतां चुकीचें सांगणें ही चूक, ठाऊक झाल्यावर तेंच राहूं देणें ही फसवणूक. कायदाही तिला तेंच नांव देतो. पण आमच्या बोलण्याची गरज नव्हती. आत्याबाई म्हणाल्या, "बेरीज जमत नाहीं म्हणून हातचा बदलायचा नसतो, हें मीं तीस वर्षें मुलांना शिकविलें. विकायचें तर विका, मला त्याचें दुःख नाहीं. वस्तू वापरायला असते. पण जें आहे तें लिहून विका."

त्याच दुपारीं पत्र लिहिलें गेलें. केस सोन्याची नव्हे, सोन्याच्या पत्र्याची. तबकडी १९४१ सालीं पुन्हां रंगविलेली. मशीन, केस व कांटे मूळचे. बक्षिसाची हकीकत रद्द समजावी. सोबत वहीच्या दोन पानांच्या नकला. उत्तर आठ दिवसांनीं आलें. नवा अंदाज पहिल्याच्या चौथ्या हिश्शाएवढा होता.

फाल्गुनांत लिलांव झाला. घड्याळ नव्या अंदाजापेक्षां थोडें वर गेलें. लिलांवगृहाचें कमिशन वजा जातां जें हातीं आलें, त्यांत दोन तुळया व वासे झाले. कौलांस पैसे उरले नाहींत. तीं दोघां भावांनीं घातलीं. "हें आम्हांस घड्याळ विकण्यापूर्वींही करतां आलें असतें," असें धाकटे बंधू आम्हांस मागाहून एकदां म्हणाले, आणि लगेच दुसऱ्या गोष्टी बोलूं लागले. मृग लागला तेव्हां आत्याबाईंची खोली कोरडी होती. वही त्यांच्याच फडताळांत आहे.

वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं असें एखादें घड्याळ असेल. त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. पुष्कळ वर्षें बंद असलेल्या घड्याळास कौतुकानें चावी देऊं नये. आंतलें तेल सुकून गोंदासारखें झालेलें असतें व दांते झिजतात. चिंच, रांगोळी, पॉलिश यांचा हात केसला लावूं नये. शिक्के व अक्षरें त्यानें पहिलीं जातात, आणि त्यांबरोबर किंमत. तबकडी रंगवूं नये. डागाळलेली मूळ तबकडी नव्या रंगापेक्षां अधिक मोलाची. पूर्वीं अंधारांत चमकणाऱ्या कांट्यांस व आंकड्यांस रेडियम लावीत. चमक आज गेलेली असली तरी रेडियम गेलेलें नाहीं, कारण तें अर्धें होण्यासच सुमारें १६०० वर्षें लागतात. तेव्हां असें घड्याळ उघडूं नये, खरवडूं नये, मुलांच्या हातीं देऊं नये. जुन्या पावत्या, वह्या, पत्रें घड्याळाबरोबर ठेवावीं. विकणाऱ्यास एकट्यास न विचारतां ज्यास विकावयाचें नाहीं अशा एका घड्याळजींसही विचारावें. लिलांवांत देण्यापूर्वीं कमिशन किती, इतर खर्च किती, राखीव किंमत ठेवतां येते कीं नाहीं, हें लेखी घ्यावें. आणि घेणारानें लक्षांत ठेवावें कीं, हातोडा पडला त्या बोलीवर लिलांवगृहाची आकारणी व कर चढतात, आणि माल बहुधा 'आहे तसा' असतो. शंभर वर्षांहून जुन्या कारागिरीच्या वस्तू १९७२ च्या कायद्यानें पुरातन वस्तूंत मोडूं शकतात, व तशा वस्तू खाजगी माणसास परदेशीं धाडतां येत नाहींत. म्हणून शंभरीच्या घरांत आलेल्या वस्तूविषयीं आधीं चौकशी करावी.

परत येतांना नारायणगांवाच्या फाट्यावर एस.टी.साठीं आम्ही थांबलों होतों. तेथून जवळच खोडदास, ह्याच जुन्नर तालुक्यांत, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तीमधून शास्त्रज्ञ दूरच्या ताऱ्यांचे ठोके ऐकतात. आणि त्या ठोक्यांत पडणाऱ्या अतिसूक्ष्म फरकावरून गुरुत्वीय लहरींचा माग लागतो, असा पुरावा २०२३ सालीं जगापुढें मांडणाऱ्या मंडळींत ह्या दुर्बिणीवर काम करणारेही होते. वेळ अचूक कळण्यासाठीं आतां आजोबांच्या घड्याळाची कोणास गरज नाहीं. खिशांतला फोन तें काम केव्हांही बरें करतो. मग लोक जुन्या घड्याळास पैसे कां मोजतात? कोणीतरी कधीं काळीं वेळेची काळजी केली, एवढ्याचाच तो दाखला असतो. दाखला म्हटला कीं तो खरा असला पाहिजे, नाहींपेक्षां त्याचा उपयोग नाहीं.

पुढील महिन्यांत जुन्या जरीच्या पैठण्यांविषयीं लिहूं. ज्यांनीं त्या विकावयास काढल्या असतील, त्यांनीं तोंवर कृपा करून थांबावें.